अप्पांनी मला कळू दिलं नाही

विमानतळाच्या दाराशी अप्पांनी माझ्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली, पट्टा ओढून पाहिला, चेन नीट लागलीय का तपासलं आणि मग ती परत माझ्या हातात दिली. आई रडत होती. धाकटा भाऊ मंगेश गाडी पार्किंगला लावायला गेला होता, तो अजून आला नव्हता. अप्पा म्हणाले, "जा बाय. आत गेलीस की मागं बघायचं नाय. मागं बघितलं की पाय अडतात." मी आत गेले आणि मागं पाहिलंच. हात पाठीमागे बांधून ते ताठ उभे होते. पायदळातून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस उभा राहतो तसे. मला वाटलं, केवढे खंबीर आहेत आपले वडील.

त्या दिवशी त्यांच्या फुप्फुसाचा रिपोर्ट आलेला होता. हे दुखणं बरं होणारं नाही, असं कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. आईला माहीत होतं, म्हणून ती तशी रडत होती. मंगेशला माहीत होतं, म्हणून तो पार्किंगमधून मुद्दाम उशिरा आला. माहीत नव्हतं ते फक्त मला.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. मला राग आलाय. वर्ष उलटून गेलं तरी तो ओसरलेला नाही, आणि "जाऊ दे गो आता" असं मला कुणी सांगू नये.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. अप्पा तिथूनच भरतीला गेले. माझ्या लहानपणी ते म्हणजे सुट्टीत येणारा, ट्रंकेला पॉलिशचा वास असलेला पाहुणा. कायमचे घरी आले तेव्हा मी सातवीत होते. आल्या आल्या त्यांनी राहिलेलं सगळं बापपण भरून काढायला घेतलं. आई सकाळी लवकर खाचरावर जायची, म्हणून माझ्या वेण्या घालायला ते शिकले. सुरुवातीला त्या इतक्या घट्ट असायच्या की माझे डोळे ओढले जायचे, आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, "आज परेड हाय काय गो?" पुढे मी नर्सिंगला लागले, शहापूरला मामाकडे राहायला गेले, तर अप्पा दर रविवारी मोटरसायकल घेऊन यायचे. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कधी सुकट. मामाच्या ओट्यावर बसून माझे पांढरे बूट स्वच्छ करायचे. मामा म्हणायचा, "दाजी, आता ती मोठी झाली, करंल तिचं ती." अप्पा मान वर न करता म्हणायचे, "करंल की. मी हाय तवर मी करतो."

जेवताना ते आम्हाला "रिपोर्ट दे" म्हणायचे. शाळेत काय झालं, कुणाशी भांडलात, पोट दुखतंय का, सगळं सांगावं लागायचं. लपवलेलं त्यांना खपायचं नाही. मंगेश एकदा शाळा बुडवून नदीवर गेला आणि गप्प राहिला, तेव्हा अप्पा कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आमच्याकडून ते सगळं काढून घ्यायचे. स्वतःबद्दल काहीच सांगायचे नाहीत, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात आले. हॉस्पिटलात वयस्कर माणसांचा वॉर्ड मिळाला. भाड्याची एक खोली, खिडकीतून दिसणारी विटांची भिंत, हिवाळ्यात दुपारीच पडणारा अंधार. पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी, नर्स भराभरा बोलायच्या त्यातलं सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. कळलं नाही की मी हसायचे. पहिला हिवाळा मी अप्पांच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर काढला.

माझ्या कामात एक भाग असा आहे, की पेशंटची तब्येत ढासळायला लागली की नातेवाइकांना फोन करायचा. "तुम्ही आता निघालात तर बरं होईल," हे वाक्य मी त्या परक्या भाषेत सर्वांत आधी शिकले असेन. माणसं धावत यायची. कुणी कामावरच्या कपड्यांत, कुणी मूल कडेवर घेऊन. बापाचा हात धरून बसायची. मी पडदा ओढून घ्यायचे आणि बाहेर कुणी मोठ्यानं बोलू नये म्हणून उभी राहायचे. दुसऱ्यांच्या लेकरांना मी वेळेवर बोलावलं. मला कुणी बोलावलं नाही.

कॉलवर अप्पा पडवीत खुर्चीवर बसलेले असायचे. डोक्याला टोपी, गळ्याला आणि गालांना गुंडाळलेला मफलर. "काय म्हनतेस बाय? आमी टकाटक." थोडं बोलणं झालं की म्हणायचे, "रेंज जातेय गो, आईशी बोल." मला वाटायचं, गावातल्या टॉवरचं नेहमीचं रडगाणं.

शेवटचे कित्येक महिने घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. त्याची घरघर मी फोनवरही ओळखली असती, म्हणून कॉल लावण्याआधी अप्पा मंगेशला ते बंद करायला लावायचे. नाकातली नळी काढून बाजूला ठेवायचे. गालावर नळीचे वळ उठलेले दिसू नयेत म्हणून मफलर. आणि श्वास पुरेनासा झाला की रेंज जायची.

मी नर्स आहे. त्या अवस्थेतल्या माणसाचं मशीन बंद केलं की त्याचे ओठ कसे होतात, प्रत्येक श्वासाला खांदे कसे वर उचलले जातात, हे मी रोज बघते. माझ्याशी बोलण्यासाठी माझे वडील हवेशिवाय बसत होते. आणि मी त्यांना काय सांगत होते, तर इथल्या टोमॅटोला चव नाही.

मंगेशचा फोन आला तेव्हा मी औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डातून चालले होते. "ताई, अप्पा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेले?" खरंच असं विचारलं. गेले म्हणजे मुरबाडला, शहापूरला, भाताच्या गिरणीवर. माझ्या मनात दुसरं काही यायला जागाच नव्हती. आजारी नसलेला माणूस कसा जाईल?

मी गावी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. "तिच्यासाठी थांबू नका," हेही ते सांगून गेले होते. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर मी मंगेशची कॉलर धरली. त्याची बायको मध्ये पडायला आली, तिला त्यानंच हातानं बाजूला केलं.

"तुला फोन करता येत नव्हता?"

"नंबर काढून बसायचो गो ताई. कितीदा बसलो. अप्पांनी शपथ घातलेली. आपल्या घरात अप्पांचं ऐकलं नाय असं कोन हाय?"

"मी. मी नसतं ऐकलं. मिळेल त्या विमानानं आले असते."

"म्हनूनच तुला नाय सांगितलं," मंगेश म्हणाला.

माझा हात आपोआप सुटला. तो खाली पायरीवर बसला. किती वाळला होता, ते मला तेव्हा दिसलं. अप्पांना उचलून न्हाणीत न्यायचं, पाठीवर थापट्या मारत बसायचं, दर रविवारी मशीनचं बटण स्वतःच्या हातानं बंद करायचं आणि कॅमेऱ्यात येऊन "हाय ताई" म्हणायचं. हे सगळं त्यानं केलं होतं, आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोलायला त्याला कुणी नव्हतं. माझ्यावर अन्याय झाला हे खरं. त्याच्यावरही झाला. फरक एवढाच की तो जवळ होता.

तेराव्याला अंगणात मांडव घातला. तालुक्यातले निवृत्त सैनिक कोट घालून, छातीवर पदकं लावून आले. जेवणाआधी श्रद्धांजली झाली. अप्पांच्या पलटणीतले एक म्हातारे सुभेदार उठले. म्हणाले, "आमच्या हवालदारानं शेवटपर्यंत पोस्ट सोडली नाय. पोरीच्या नोकरीत खोडा नको म्हनून एवढं दुखनं अंगावर काढलं, पन ब्र नाय काढला. याला म्हनतात बाप. याला म्हनतात त्याग." माना हलल्या. कुणीतरी डोळे पुसले. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, हात जोडून कौतुक स्वीकारत होते.

मी उठले. अशा वेळी घरातल्या बाईनं उठून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

"माझ्या नोकरीचं तुम्ही ठरवलंत," मी म्हटलं. "ती ठेवायची की सोडायची, हे मला कुणी विचारलं? मामाला माहीत होतं. दूध घालायला येणाऱ्या माणसाला माहीत होतं. इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांच्या लेकीला नव्हतं. मी तिकडं दुसऱ्यांच्या बापांना चमच्यानं पाणी पाजत होते. माझ्या बापाला पाणी पाजायचं माझं काम होतं. ते तुम्ही काढून घेतलंत, आणि आता माझ्यासमोरच त्याचं कौतुक करताय?"

काका म्हणाले, "गो बाय, गेलेल्या मानसाबद्दल असं बोलू नये. खाली बस."

"बसनार नाय ती." आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. आई उभी राहिली होती. "बोलू दे तिला. मी उभा जलम गप बसलेय."

माझी आई चार माणसांत कधी बोललेली मी पाहिली नव्हती.

"ह्यांच्या मांडीत गोळी शिरली तवा हे तिकडं मिलिटरीच्या इस्पितळात पडून होते. मला पत्र काय, तर मी मजेत हाय, भात झोडून झाला का? पत्र उशिरा आलं म्हनून मी इकडं ह्यांच्या नावानं बोटं मोडत होते. लंगडत घरात आले तवा मला कळलं. मी म्हनले, परत असं करू नका. हो म्हनाले. आनि आता परत तेच केलं, ते पन माझ्या हातानं. फोन मी धरायचे. मशीन दिसू नये म्हनून वाकडा करून मीच धरायचे. ह्यांचा श्वास लागायचा आनि मी पोरीला हसून दाखवायचे." मग सुभेदारांकडे बघून म्हणाली, "ह्यांनी मला बायको नाय, शिपाई केलं."

सुभेदारांनी आईला हात जोडले. "वयनी, चुकलं माझं," ते म्हणाले. "आमच्या घरीपन असंच चालतं. आज जाऊन सांगतो काय ते." काय सांगायचं होतं त्यांना, ते मला कधीच कळलं नाही. जेवण न करताच ते निघून गेले.

पुढचे काही दिवस दुपारी तांदूळ निवडत बसलो की आई मला सगळं सांगायची. मी एकेक खोदून विचारायचे. जेवण कधी तुटलं, झोप कशी लागायची, दुखायला लागलं की काय करायचे. ती काही लपवत नव्हती. म्हणाली, मंगेशच्या मोबाइलवर ते रोज माझ्या शहराचं हवामान बघायचे आणि घरात सांगायचे, "बायकडं आज पाऊस हाय." मला वाटलं होतं, हे ऐकून मी विरघळेन. मी आणखीच चिडले. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाहीच. माझ्या वाट्याचं दुःख मला पेलवेल, एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर ठेवला नाही. ज्या मुलीला जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटी पाठवलं, तिला स्वतःच्या खाटेशेजारी बसू दिलं नाही. अप्पा, तुम्ही शूर होतात. पण माझ्याशी खरं बोलायचं धाडस तुम्हाला झालं नाही.

तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना हात जोडून सांगते: "इकडं सगळं ठीक" असं आम्हाला सांगू नका. आम्ही दूर गेलो म्हणजे परके झालो नाही. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर आहात, ते पुढच्या कॉलला जरा हट्ट करा. फोन घरभर फिरवायला सांगा.

मी परत कामावर आले. वॉर्ड तोच आहे, नातेवाइकांना फोनही मीच करते. फोन लावताना पूर्वी आवाज मऊ करायचे, आता करत नाही. स्पष्ट सांगते.

मला इथं कुणी विचारतं, तुझं घर कुठे? पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, डोंगर सांगायचे, अप्पांनी पेन्शनीतून चढवलेला स्लॅब सांगायचे. आता त्या सगळ्यानं माझं समाधान होत नाही. जिथली वाईट बातमी मला वेळेवर कळते, ते माझं घर. तेवढं घर सध्या आईनं टिकवून धरलंय.

परवा ड्यूटीला जायला बसस्टॉपवर उभी होते. आईचा फोन आला. बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. थेट सुरुवात.

"गो बाय, माझा गुडघा सुजलाय. सून म्हनते ताईंना सांगू नका, उगाच काळजी करतील. म्हनून सांगते."

"कधीपासून?"

"ऐक आधी. प्रेशरच्या गोळ्या संपल्यात, मी आनल्या नाय. काल देवळाच्या पायरीवर चक्कर आली, बसले म्हनून वाचले. आनि मंगेशला किती दिवस खोकला हाय, डॉक्टरकडं जात नाय. तो पन म्हनला ताईला सांगू नको. म्हनून ते पन सांगते."

मला भयंकर राग आला. मंगेशचा, गोळ्यांचा, त्या पायरीचा. बस येऊन थांबली, दार उघडलं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला हातानं जायला सांगितलं.

"हां आई," मी म्हटलं, "पुढं सांग."