कुंकू एक होईपर्यंत

कमरेनं दगा दिला नसता तर तो कॅमेरा मी कधी स्टँडवर चढवलाच नसता. रेंजफाइंडर म्हणजे हातात धरायचा कॅमेरा. पण निजामी संपून चार-पाच वर्षं झाली होती, परभणीतलं माझं दुकान कसंबसं चालत होतं, म्हणून बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला जाऊन लिंबाच्या झाडाला चादर टांगायचो आणि दिवसभर वाकून वाकून लोकांचे फोटो काढायचो. दुपारपर्यंत कंबर अशी धरायची की कुणाशी बोलणंही जिवावर यायचं.

मग स्टँड घेतला. त्याचे तिन्ही पाय आखूड ठेवायचे, समोर रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालायचा, त्यावर बसायचं. कॅमेरा बरोबर डोळ्याशी येतो. बटण दाबायला वाकायचं नाही, लांब तार लावलेली असते. असा आराम मिळाल्यावर आधीची वर्षं उगाच हाल काढले म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

खबरदारी एकच. स्टँडवरचा कॅमेरा आपला एकाच दिशेला बघत बसतो. दुपार कलली की झाडाखालून ऊन थेट भिंगावर यायचं आणि आतल्या शटरच्या कापडाला भोक पडायचं. एकदा पडलं होतं. म्हणून मध्ये थोडा जरी वेळ गेला तरी मी भिंगाला टोपण लावायचो. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात टोपण राहिलं तर काळ्या फडक्याखाली नुसता अंधार दिसायचा. ह्याची बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे टोपण असो वा नसो, खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन. त्यात सगळं दोन-दोन दिसतं, आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवून त्या दोनाचं एक करायचं. पुरुषांच्या पटक्याची कड धरायची, बायकांचं कुंकू. संध्याकाळपर्यंत मला माणसं दिसायचीच बंद व्हायची.

त्या दिवशी रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला होता. मी आवरायला लागलो तोच एक म्हातारा बायकोला धरून घेऊन आला.

"तिचा एकटीचा काढा, मालक," तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला. "परभनीच्या डाक्टरनं जवाब दिलाय, आता आशा न्हाई. घरात तिचा एक बी फोटू न्हाई."

खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. पण नाही कसं म्हणणार? मावशींना चादरीसमोर बसवलं, चौकोनात कुंकू धरलं, कडं फिरवलं, दोनाचं एक झालं. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबेना. ऊन भिंगावर होतं, मी टोपण लावलं आणि डब्यावर बसून राहिलो. म्हाताऱ्यानं पाणी पाजलं, आणि तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. खोकला थांबल्यावर मी खिडकीत पाहिलं. कुंकू अजून एकच होतं. तार दाबली.

दुकानात रोल धुतला तेव्हा पस्तीस फोटो ठीक आले होते. शेवटच्या जागी काहीच नव्हतं.

पुढच्या बाजाराला म्हातारा एकटाच आला. डोक्याला पटका नव्हता, डोकं भादरलेलं होतं. मला विचारावं लागलं नाही.

"चूक माझी, बाबा," मी म्हणालो. "टोपण राहिलं. फोटो आलाच नाही."

त्याला ते कळेना. सगळं तर समोर होतं, मग आलं कसं नाही? शेवटी मी टोपण लावून त्याला डब्यावर बसवलं आणि खिडकीला डोळा लावायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"दिसायलंय की समदं," तो म्हणाला. मग खिडकीचा डोळा न काढता, "म्हंजी तुमाला ती दिसली. मशीनलाच दिसली न्हाई."

"हो. मला दिसल्या."

"कशी दिसत व्हती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. कुंकू आठवलं. दोनाचं एक झालेलं, ठळक, रुपयाएवढं. त्याच्याखालचा चेहरा काही केल्या आठवेना. मला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही मी म्हणालो, "हसत होत्या."

म्हातारा डब्यावरून सावकाश उठला. धोतर झटकलं.

"तिचे म्होरचे दात पडले व्हते," तो म्हणाला. "तोंडावर पदर धरूनच बसली व्हती ती. मी तुमच्या शेजारीच हुबा व्हतो."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, मालक. लय थकला व्हता तुमी त्या दिशी."