पाहुण्यांची पहिली चाल

संस्थेचे अध्यक्ष फेटा सावरत पहिल्या पटाशी आले, तेव्हा मी दोरीपलीकडून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. डाव दहाला सुरू व्हायचा होता. भाषणं संपेपर्यंत अकरा वाजून गेले होते.

लातूरच्या स्पर्धेची ती शेवटची फेरी. पहिल्या पटावर माझी विद्यार्थिनी सविता, अहमदपूरच्या एका हायस्कूलात गणित शिकवणारी. जिंकली तर राज्याच्या संघात. बरोबरी झाली तर सलग तिसऱ्या वर्षी घरी.

मी नांदेडला बुद्धिबळ शिकवतो. डावाआधीची तयारी हे माझं निम्मं काम. आठवडाभर सविता रोज चार किलोमीटर चालली, कारण चार तास खुर्चीत बसायलाही दम लागतो. आदल्या संध्याकाळी मोबाइल माझ्याकडे जमा. सकाळी वाटीभर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. जड खाल्लं की तिसऱ्या तासाला डोळे मिटतात. समोरचा खेळाडू लातूरचा एक इंजिनिअर. त्याचे जुने डाव पाहून आम्ही ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली पक्क्या केल्या होत्या. राजापुढचं प्यादं दोन घरं, आणि पुढच्या बारा चाली पाठ.

पाहुणे पहिली चाल करतात ती फोटोपुरती. नंतर ती मागे घेऊन खेळाडू आपली चाल खेळतो. अध्यक्षांनी सविताच्या पांढऱ्या सोंगट्यांतलं अगदी कडेचं प्यादं उचललं, दोन घरं पुढे ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. इतकी निरुपयोगी पहिली चाल शोधायची तर अभ्यास करावा लागतो. टाळ्या झाल्या.

आर्बिटर, म्हणजे स्पर्धेचे पंच, हळूच म्हणाले, "मॅडम, मागं घ्या अन् तुमची चाल करा."

सविताने वर पाहिलं. अध्यक्ष तिच्याच शाळेच्या संस्थेचे होते आणि जागचे हलत नव्हते.

"साहेब उभेच हाईत, सर. त्यांच्या तोंडासमोर मागं घेऊ?"

"अहो, ते फोटोपुरतं असतंय."

"सोमवारी शाळेत मला जायचंय," असं म्हणून तिने पटाशेजारचं घड्याळ दाबलं. चाल कायम झाली.

आमच्या बारा चाली तिथेच वाया गेल्या. डाव सुरू असताना मला बोलायची मुभा नसते. बाहेर जाऊन मी लागोपाठ दोन चहा प्यालो.

परत आलो तर सविता ताठ बसलेली, इंजिनिअर डोकं धरून. त्यानेही आठवडाभर राजापुढच्या प्याद्याचीच तयारी केली होती. या चालीत नक्की काहीतरी कावा आहे, असं समजून त्याने पहिल्या चार चालींना पाऊण तास लावला. पुढे वेळ अपुरा पडला आणि चौथ्या तासाला तो चुकला. सविताने त्याचा घोडा मारला. त्याने हार मानून हात पुढे केला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली की, सर. मग बघितलं, तो माझ्याहून जास्त घाबरून राहिलाय."

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी विजयाचं श्रेय योग्य मार्गदर्शनाला दिलं. कुणाच्या, ते त्यांनी विनयाने सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्या यादीत एक काम वाढलं आहे. पाहुणे कोण, याची आदल्या दिवशी आयोजकांकडे चौकशी करतो. खेळाडूच्या नोकरीतले वरिष्ठ असतील, तर त्यांना भेटून योग्य ते प्यादं आधीच दाखवून ठेवतो.