दीड इंच खाली

माझ्या नवऱ्याने आमची गाडी घरच्या घरी दीड इंच खाली आणली, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "या वयात?" त्या दिवसांत मला उत्तरं द्यायचा इतका वीट आला होता की मी "हो, याच वयात" म्हणून मोकळी व्हायचे. खरं कारण सांगायचं तर आईचा विषय काढावा लागला असता, आणि आईला ते अजिबात चाललं नसतं.

आई आमच्याकडेच राहते, इंदिरानगरला. तिची सगळी नोकरी पेठ तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांत गेली. जागा नसली तर जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पदर धरून ती घाट चढायची. ड्रायव्हर हात द्यायला आला तर म्हणायची, "तुम्ही स्टेअरिंग सांभाळा." तिचे गुडघे गेले तेव्हा आमची गाडी जुनी, बुटकी होती. मग नवऱ्याने हौसेने उंच गाडी घेतली, कारण काय तर आपल्या रस्त्यांवरचे खड्डे.

त्या उंच गाडीतच ते घडलं. पौर्णिमेची वंदना आटोपून आम्ही विहारातून निघालो होतो. आईने एक पाय गाडीत टाकला आणि दुसरा काही उचलेना. मागे मोटरसायकली हॉर्न वाजवायला लागल्या. मी दप्तरासारखी तिची पिशवी, पाण्याची बाटली आणि चपला सांभाळत पलीकडून येतेय, तोवर नवऱ्याने मागून तिच्या काखेत हात घातले, उचललं आणि सीटवर ठेवून दिलं. "झालं!" म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण तिची पांढरी साडी पोटरीपर्यंत वर गेली होती आणि पायरीवरच्या बायकांपैकी कुणीतरी हसलं.

माझी आई जावई घरात असला की अजून पाय वर घेऊन बसत नाही. त्याला अहोजाहो करते. त्या दिवसानंतर ती गाडीत बसलीच नाही. दर पौर्णिमेला काहीतरी निघायचं. कधी ऊन, कधी कंबर, कधी "मी घरीच वंदना घेते, तुम्ही जाऊन या." पण साडी पांढरीच नेसायची. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून ती दिवसभर घरात बसून राहायची, आणि मला ते बघवत नव्हतं. रिक्षाच्या हादऱ्यांनी तिची पाठ धरायची. मी एक स्टूल आणलं. तिने त्या स्टुलाकडे असं पाहिलं की मी ते गॅलरीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली.

नवरा अंबडला एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हे त्याचं काम. घरात भिंतीवर घड्याळ लावायचं असलं तरी पाणसळ काढतो. एकदा दुपारी आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि हा तिच्या पलंगाशी उकिडवा बसून टेप लावत होता. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि मला बाहेर ओढलं.

"या पलंगावरून त्या कुणाचा हात न धरता उठतात, बसतात," तो म्हणाला. "गाडीची सीट याच्यापेक्षा दीड इंच वर आहे. तेवढी खाली आणायची."

"मग सीट खाली करा."

"ती आधीच सगळी खाली आहे. आख्खी गाडीच खाली घ्यावी लागेल. कमी उंचीच्या स्प्रिंगा मिळतात."

"आईला सांगू या मग."

"नको. त्यांच्यासाठी करतोय म्हटलं तर त्या मरेपर्यंत बसायच्या नाहीत."

हे अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणून माझा आणखी संताप झाला.

शोरूमवाल्यांनी हात वर केले. हायवेकडचा एक गॅरेजवाला तयार होता, पण त्याला गाडी चांगली हातभर खाली घेऊन खालून निळे दिवे लावायचे होते. तेव्हा नवऱ्याने जाहीर केलं की हे काम घरीच, पार्किंगमध्ये होईल. व्हिडिओ बघून त्याचं सगळं पाठ झालं होतं म्हणे. व्हिडिओत एक माणूस शिट्टी वाजवत चहाचा कप संपायच्या आत चाक काढून स्प्रिंग बदलतो. त्या माणसाची गाडी नाशिकच्या चार पावसाळ्यांत भिजलेली नव्हती, एवढंच मी तेव्हा सुचवलं.

स्प्रिंगा कुरियरने आल्या. लालभडक. आईने खोकं बघून विचारलं, "काय मागवलंय?" मी म्हटलं, "जुन्या खराब झाल्यात." आईने एक स्प्रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली.

रविवारी सकाळी पुढचं चाक निघालं आणि लगेच सोसायटीचे चेअरमन काका आले. निवृत्त गृहस्थ आहेत, पार्किंगमध्ये खुट्ट झालं तरी खाली येतात. "कॉलेज रोडवरची पोरं करतात तसलं का हे?" त्यांनी मला विचारलं, नवऱ्याला नाही. "सायलेन्सरपण बदलणार असाल तर आधी सांगा. माझी झोप सावध आहे. आणि आरटीओवाले पकडतात बरं." मी "सर्व्हिसिंग आहे, काका" म्हटलं. तिकडे नवरा लाल स्प्रिंग पोटाशी धरून उभा होता, त्यामुळे काकांना ते पटलं नसावं.

माझ्याकडे काम होतं बॅटरी धरायचं. बॅटरी धरणं हे जगातलं सगळ्यात अपमानास्पद काम आहे. इकडे धर, जरा वर, अगं माझ्या डोळ्यांत नको. शॉकअपच्या खालचा बोल्ट गंजून इतका जाम झालेला की पान्यावर नवरा उभा राहिला, मग नवरा उड्या मारायला लागला, आणि मग पाना सटकून नवरा चेअरमनकाकांच्या स्कूटरवर पडला. वरून आईचा आवाज आला, "काय पडलं?" आम्ही दोघं एकदम ओरडलो, "काही नाही!"

सगळ्यात वाईट भाग म्हणजे जुनी स्प्रिंग आवळून काढायची. त्यासाठी त्याने कारखान्यातल्या मित्राकडून दोन लांब स्क्रू आणले होते. ते दोन्ही बाजूंनी थोडे थोडे फिरवत स्प्रिंग दाबत न्यायची.

"ही सुटली तर?" मी विचारलं.

"सुटत नाही."

"पण सुटली तर?"

"तर तू लांब उभी राहा."

म्हणजे मी लांब उभं राहायचं आणि बॅटरी जवळ धरायची. मी त्याला म्हटलं, तुम्हाला काही झालं तर आईला काय सांगू, की तुझ्या पलंगाच्या मापापायी गेले? तो हसला. मला हसू आलं नाही. मी खरंच घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते.

त्या रविवारी पुढची दोन चाकं झाली. मागचा एक बोल्ट हललाच नाही, आणि आठवडाभर गाडी मागून लोखंडी स्टँडवर उभी. मी बसने ऑफिसला. येताजाता शेजारी विचारायचे, "झाली का हो रेसिंगची गाडी?" आई रोज संध्याकाळी गॅलरीतून वाकून ती अर्धवट गाडी बघायची आणि आत निघून जायची. मला वाटे, बरं आहे, तिला काही कळत नाहीये.

दुसऱ्या रविवारी बोल्ट सुटला. मागच्या स्प्रिंगा बसल्या, चाकं चढली, जॅक उतरला. नवऱ्याने हात पुसले, टेप काढली, सीटपाशी लावली. परत लावली. मग दुसऱ्या बाजूने जाऊन लावली.

"किती?" मी विचारलं.

"होती तेवढीच आहे," तो म्हणाला.

त्यानंतर मी जे बोलले ते पार्किंगमध्ये घुमलं आणि काही खिडक्या उघडल्या. दोन रविवार, माझे हात, माझी पाठ, गाऊनवर पडलेलं ग्रीस, सोसायटीत झालेली शोभा, सगळं बाहेर निघालं. तो टेपकडे बघत म्हणत होता, "असं होणार नाही, हिशोब बरोबर आहे." मी म्हटलं, "ही गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलवा. तिकडे गेटपाशी लांब लावा." तो मुकाट्याने बसला आणि गाडी गेटपर्यंत घेऊन गेला. आणि जाता जाता माझ्यादेखत ती गाडी हळूच, दमलेली म्हैस बसावी तशी खाली बसली. जॅकवरून उतरल्यावर चाकं फिरेपर्यंत गाडी अवघडून वरच राहते म्हणे. हे त्याच्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं. नवरा तिकडून धावत आला. "दीड इंच! बरोबर दीड इंच!" मला त्या क्षणी त्याला मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही. चेअरमनकाका बघत होते म्हणून दोन्ही राहिलं.

पुढच्या पौर्णिमेला मी आईला म्हटलं, "बसून तर बघ. नाही जमलं तर वर जाऊ." ती पांढऱ्या साडीत खाली आली. नवरा गाडीच्या पलीकडे जाऊन कंपाउंडच्या भिंतीचं निरीक्षण करत उभा राहिला. आईने दार धरलं, पाठ वळवली, पलंगावर बसते तशी बसली, आणि एकेक करून पाय आत घेतले. पदर सावरला. "चला," म्हणाली.

मला रडायला आलं असतं, पण गेटबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर गाडीच्या पोटातून असा आवाज आला की अश्रू जागीच आटले.

आमच्या भागात ज्याच्या दारासमोरून कुणी गाडी जोरात नेली त्याने एक गतिरोधक बांधला आहे. काही तर नुसते सिमेंटचे बांध. दुसऱ्याला आणखी मोठा आवाज आला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला; एकट्याने चालवताना गाडी कधी घासली नव्हती. त्याने सगळं मोजलं होतं, गाडीखालचा रस्ता तेवढा मोजला नव्हता. सासूबाईंना उतरा म्हणायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तिसऱ्याला मीच दार आपटून उतरले. चालत पलीकडे गेले. गाडी कण्हत, पण न घासता मागून आली.

चौथ्याला मी उतरतेय तर पुढचं दार उघडलं.

"आई, तू बस!"

"का? मला वजन नाही का?" ती म्हणाली आणि दाराला धरून उतरली.

ज्या बाईला चढउतार नको म्हणून हा सगळा घोळ घातला, ती आता दर गतिरोधकाला उतरत होती, तो बांध ओलांडत होती, परत बसत होती. मागे रिक्षावाला बोंबलत होता. मी नवऱ्यावर चिडत होते, नगरसेवकावर चिडत होते, रिक्षावाल्याला तर मी काहीबाही बोलले. आई मात्र गाडी थांबायच्या आत दाराला हात घालायची. पाड्यावरच्या जीपमधून उतरत असावी तशी. विहाराच्या पायऱ्यांसमोर ती उतरली तेव्हा बायका उठून पुढे आल्या. "आल्या की बाई!" कुणीतरी हात पुढे केला. आईने त्या हातात चपला दिल्या आणि कठडा धरून वर गेली.

परतताना पुन्हा तेच गतिरोधक, उलट्या क्रमाने. आमच्या पार्किंगमध्ये पोचलो तोवर ती थकली होती. दार उघडून तिने पाय बाहेर टेकले, पण उठवेना. मी पुढे झाले. तिने मला हाताने बाजूला सारलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "जरा हात द्या."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग हात पँटला पुसून पुढे केला. आईने तो घट्ट धरला, जोर लावला आणि उभी राहिली. हात न सोडता तिने मागे वळून सीटकडे पाहिलं.

"पलंगाएवढीच झालीय," ती म्हणाली. "बरोबर मोजलं होतं तुम्ही."

मग हात सोडून ती लिफ्टकडे चालायला लागली. नवरा हात तसाच पुढे धरून उभा होता.

"चला आता वर," मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.