नवरदेवाच्या हातातला मिटणारा चाकू

मी मुखरू. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात मले लोकं तापट म्हणते. म्हणू द्या. गोष्टच तशी असली तं माणूस तापनच. माही मोठी बहीण आशाबाई, तिच्या पोराच्या लग्नात एका चाकूपायी माह्या अंगाची लाही लाही झाली, अन् अजूनही ते आठवलं का घास गोड लागत नाई.

आमच्याकडं नवरदेवाले हळद लागली का त्याच्या हातात लोखंड देते. सुरी, कट्यार, नाई तं अडकित्ता. त्याच्या टोकाले लिंबू खोचते. हळदीच्या अंगाले कशाची बाधा होऊ नये म्हणून. काकण सुटेपर्यंत ते सोडायचं नाई, जेवताना डाव्या हातात अन् झोपताना उशाले. अन् ते लोखंड घरातलं पाहिजे, वापरातलं.

बाईच्या घरात तशी सुरी होती. भाऊजी साप चावून गेले तवा तिचा पोरगा प्रफुल रांगत होता. त्याच्या मांगं बाईनं बाजारातल्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची सुरी करून घेतली. तिवसाच्या लाकडाची मूठ तिनं सोता बसवली. पावसाळ्यात त्याच सुरीनं वास्ते सोलायची, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, अन् टोपलं डोक्यावर घेऊन पोंभुर्ण्याच्या बाजारात जायची. उन्हाळ्यात तेंदूच्या पानाचे पुडके बांधाले त्याच सुरीनं वाक, म्हणजे झाडाच्या सालीच्या दोऱ्या, चिरायची. बाजारात कोणी भाव पाडून मागितलं तं हुज्जत नाई, टोपलं उचलून दुसरीकडं बसे. कोणाले काही मागणार नाई, कोणाच्या गळ्यात काही मारणार नाई, असा स्वभाव. घासून घासून त्या सुरीचं पातं पार अरुंद झालं, अन् पोरगा बारावी होऊन ऊर्जानगरले ठेकेदाराकडं कामाले लागला.

लग्न ठरलं तवा बाई दगडावर सुरी घासून राह्यली होती. मले म्हणे, "मुखरू, माही दुसरी काही हौस नाई. पोराच्या हातात ही सुरी असली का झालं." एवढंच. लुगडं नाई मागितलं, मान नाई मागितला.

पण वारलूभाऊ कशाले आहे मंग? वारलूभाऊ म्हणजे तिचा भासरा, भाऊजीचा मोठा भाऊ, प्रफुलचा मोठाबाप. लग्न ठरल्याच्या पंगतीत सगळ्यायच्या देखत म्हणाला, "प्रफुलच्या मायनं मनाले लावून घेऊ नये, पण विधवेच्या हातचं लोखंड नवरदेवाच्या हाती बरं नाई. रीत हाये." अरे लेका, तुह्या भावाच्या मांगं त्या पोराच्या ताटात भात कुठून आला ते पाहाले कधी आला होता का? तवा रीत कुठी झोपली होती? मी उठलोच होतो. बाईनं माहा सदरा धरून खाली बसवलं.

अन् आमचा नवरदेव? त्यानं भाताचा गोळा गिळला अन् दुसरा कालवला. ना माय म्हणाला ना मोठेबाबा. आठवडा गेला, हळदीच्या आदल्या दिवशी ऊर्जानगरवरून गाडीवर आला अन् बॅगेतून एक डबा काढला. मोबाईलवरून बोलावला होता. काळा डबा, त्यात काळी थैली, थैलीत काळा चाकू. मिटणारा.

"पाहा मामा," म्हणे, "कोणाचंच मन मोडलं नाई."

खोटं काऊन बोलू, चाकू देखणा होता. हातात घेतला तं वजनदार, मुठीवर खरबरीत जाळी, घामेजला हात घसरू नये म्हणून. आंगठ्यानं बारीक बोंडी लोटली का पातं खट करून बाहेर. मी मनगटावर फिरवून पाह्यलं, केस सफाचट. खिशाले अडकवाले मांगून पट्टी होती. वास मात्र मोटरच्या तेलाचा. लाकूड नावाले नाई. मूठ इतकुशी का माही करंगळी बाहेर राहे.

उघडला तं उघडला, मिटता मिटे ना. आमचा विळा मुठीत ढिला झाला का आमी पाठीकडून ठोकतो, तसा मी चाकू खाटेच्या खुराले ठोकला. एकदा, दोनदा. प्रफुल धावतच आला. "मामा, लॉक हाये, लॉक." आतमंधी एक पातळ पट्टी होती, ती बोटानं बाजूले दाबायची, मंग मिटते. अन् गंमत पाहा, ज्या बोटानं पट्टी दाबायची तेच बोट पात्याच्या वाटेत. कोण्या शहाण्यानं बनवला त्याचे बोटं पाहाले पाहिजे. रानात वेळ आली तं हा चाकू उघडेपर्यंत वाघ जेवून हात धुईन.

"गंज चढत नाई याले," प्रफुल म्हणे.

"ज्याले गंज चढत नाई ते लोखंड कायचं?" मी म्हणालो. वारलूभाऊ म्हणे स्टील म्हणजे लोखंडच. सोयीचं असलं का सगळं चालते त्या माणसाले.

बाईनं चाकू घेतला. मी इतका वेळ झटलो, तिनं पह्यल्यांदाच उघडला अन् पह्यल्यांदाच मिटला. आमच्यात धारेची वस्तू हातोहात देत नाई, भांडण होते म्हणते, म्हणून तिनं तो खाली जमिनीवर ठेवला अन् प्रफुलनं उचलला. "चांगला हाये," ती म्हणे. "जपून वापर, बोट कापन." अन् आत गेली. रडली असती तं मले बरं वाटलं असतं. मी तिच्या मांगं गेलो अन् म्हणालो, "बाई, तू सांग ना त्याले." ती म्हणे, "सांगून घेतलं तं काय घेतलं? त्याले वाटन तं मागन. धुऊन ठेवली हाये मी." भिंतीतल्या आळ्यावर खरंच ठेवली होती, मुठीले तेल लावून.

हळद लागली. चाकूच्या टोकाले लिंबू खोचलं. लिंबाचा रस पात्यावरून उतरला तो सरळ सांध्यात गेला, अन् सकाळी चाकू चिकट. सारखा हातात धरून नवरदेव कंटाळला, तं लिंबू काढलं, चाकू मिटला अन् खिशात टाकला. शेजारची म्हातारी बुधरी बोंबलली, "नवरदेवाचं लोखंड खिशात रे, बाप्पा." प्रफुल अन् त्याचा दोस्त पवन हसून राह्यले होते. माहा हात शिवशिवत होता, पण हळदीच्या अंगावर हात कसा टाकू?

लग्न आमच्याच गावात, प्रफुलच्या दारातल्या मांडवात होतं. कोरपन्याकडून रंजीताचं, म्हणजे नवरीचं, वऱ्हाड आलं. बँड वाजून राह्यला. माही बहीण कुठी होती? मांडवाच्या मांगं, चुलीपाशी. कोहळ्याचा ढीग समोर, अन् हातात ती सुरी. पोराले हळद लावाले मोठाबाप अन् मोठीमाय, अक्षता वाटाले दुसरे, अन् माय कोहळे कापाले. माह्या डोक्यात तिडीक गेली. मी वारलूभाऊले गाठलं.

"भाऊ, साऱ्या वऱ्हाडाच्या भाजीले तिची सुरी चालते, अन् पोराच्या हाताले चालत नाई?"

"भाजी वेगळी, लग्न वेगळं," तो म्हणे. "आज तमाशा नको करू, मुखरू."

मी सरळ पाटावर चाकू घेऊन उभ्या नवरदेवाकडं गेलो. कानात म्हणालो, "अजून वेळ हाये. मायले हाक मार. दोन पावलावर हाये ती."

प्रफुलनं मोठ्याबापाकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं. "मामा, आता नको ना. लोकं पाहून राह्यले."

अंतरपाट धरला. आमच्याकडं मंगलाष्टकं चालू असते तवा मामानं नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं असते, हातात हत्यार घेऊन. आईच्या अंगाचं माणूस पाठीशी पाहिजे, तो मामाचाच मान. जन्मभर वाट पाह्यली होती मी त्या मानाची. अन् मी काय केलं? हातातली काठी खाली टाकली अन् निघून गेलो. ज्याले मायची लाज, त्याची पाठ मी राखू?

मांडवाच्या मांगं जाऊन बाईच्या बाजूले बसलो. एक कोहळं ओढलं. तिकडं पह्यलं मंगलाष्टक चालू झालं. बाईचा हात थांबला.

"तू इथी काऊन?" ती म्हणे.

"मले तिथी उभं राहाचं नाई."

"मंग त्याच्या मांगं कोण हाये?"

"कोणी नाई. राहू दे उघडा. कळू दे त्याले."

मले वाटलं होतं का तिले बरं वाटन. कोणीतरी आपल्या बाजूनं उभं राह्यलं म्हणन. तिनं माह्याकडं असं पाह्यलं का माही मानच खाली गेली. इतक्या वर्षात माही बहीण माह्यावर कधी चिडली नव्हती.

"माह्या पोराची पाठ उघडी टाकून आला?" ती म्हणे. "तुह्या रागापायी?"

ती उठली. सुरी पदराले पुसली. डोक्यावरचा पदर नीट केला अन् चालू लागली, तशीच, अंगावर कोहळ्याच्या बिया. मी मांगून धावलो. मांडवातले लोकं आपोआप बाजूले झाले. ती जाऊन सरळ प्रफुलच्या पाठीशी उभी राह्यली, माह्या जागेवर, हातात उघडी सुरी घेऊन.

मंगलाष्टकं म्हणणारा थांबला. वारलूभाऊ पुढं आला. "प्रफुलची माय, इथी नाई..."

"भाऊ, तुमची रीत तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणे. आवाज चढवला नाई. "मी त्याच्या हातात काही देऊन नाई राह्यली. त्यानं मागितलंच नाई. मी नुसती उभी हाये." मंग मंगलाष्टकवाल्याकडं पाहून म्हणे, "महाराज, म्हणा पुढं."

वारलूभाऊ दोन पावलं मांगं सरला. प्रफुल मांगं वळला. मायले पाह्यलं, सुरी पाह्यली. चाकूवाला हात खाली गेला. काहीतरी बोलाले गेला तो, पण बाईनं त्याले बोलू दिलं नाई.

"माह्याकडं काय पाहून राह्यला?" ती म्हणे. "समोर पाह्य. नवरी तिकडं हाये."