गाठ मारलेलं बोट

सौदीतल्या राबिघच्या त्या दातांच्या दवाखान्यात शिरलेला माणूस आधी आपली दाढ विसरतो आणि आतून ड्रिलचा आवाज आला की त्याला ती पुन्हा आठवते. विसरायला लावते ती भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी. पिवळे-निळे मासे, जिवंत प्रवाळ, मधोमध एक काळा खडक. टाकीच्या मागे एक माणूस जेमतेम आडवा मावेल एवढी खोली आहे, आणि त्या खोलीचा धनी म्हणजे बदरुद्दीन.

दाभोळ खाडीकाठचा हा माणूस, वय सेहेचाळीस. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, त्याचा धंदा ‘ड्रायव्हर’ लिहिलेला आहे. त्याने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, ड्रायव्हरचाच व्हिसा शिल्लक होता. म्हणून बदरुद्दीन कागदावर गाडी चालवतो आणि प्रत्यक्षात टाकी घासतो.

त्याच्याआधी ही टाकी अकरा वर्षं हुसेनमियाँकडे होती. तेही त्याच खाडीचे, पलीकडच्या गावचे. काखेपर्यंत येणारे काळे रबरी हातमोजे घातल्याशिवाय मियाँ या खोलीत कोणाला दिसलेच नाहीत म्हणतात. चहासुद्धा मोजा न काढता डाव्या हाताने प्यायचे. मियाँचा नखरा, असं म्हणून दवाखान्यातले लोक हसायचे. बदरुद्दीन कामावर आला त्याच दुपारी मियाँचं विमान होतं. निघताना त्यांनी मोजे खिळ्याला टांगले आणि म्हणाले, “बदरू, टाकीत हात घालशील तर हे घालून घाल. उघडा हात घालू नको.” एवढं बोलून त्यांनी डाव्या हाताने त्याचा खांदा थोपटला. उजवा हात खिशातून काही बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी बदरुद्दीनने मोजे चढवून पाहिले. डावा झकास बसला. उजव्यात मात्र अंगठ्याशेजारचं बोट जाईना. मोज्याचं ते बोट आतल्या बाजूला दुमडून, नायलॉनच्या दोऱ्याने गाठ मारून वर गोंद फासलेला होता. भोक पडलं असणार, म्हाताऱ्याने बांधून टाकलं, असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. गाठ सुटेना, तेव्हा मोजे परत खिळ्याला गेले.

मालक उसामाने त्याला डॉक्टरांच्या हातमोज्यांचा खोका दिला. ते मोजे इतके पातळ की पहिल्याच प्रवाळाला फाटले, आणि लांबीला मनगटापर्यंत. बाजारातून भांडी घासायचे पिवळे मोजे आणले, ते कोपरापर्यंत आले. टाकी खांद्याइतकी खोल. वरून पाणी शिरलं की दोन भरलेल्या बादल्या उचलल्यासारखं व्हायचं. रूमवर राहणाऱ्या, रिफायनरीत कामाला असलेल्या एकाने आपले जाड मोजे दिले, तर हातात शेवाळ आलंय की मासा हेच कळेना. खलास, म्हणाला बदरुद्दीन, आणि उघड्या हाताने कामाला लागला. खरं सांगायचं तर मनातून त्याला बरंच वाटलं. खाडीवर वाढलेल्या माणसाने मिठाच्या पाण्याला मोजे घालून हात लावायचा? सवयीचा असाही एक माज असतो.

हे काम दुपारचं. जोहरच्या नमाजानंतर दवाखाना बंद होतो, शटर खाली येतं, चार वाजेपर्यंत आत चिटपाखरू नसतं. पंपाची घरघर तेवढी ऐकू येते. काळ्या खडकामागे पाणी ओढून घेणारं एक भोक आहे. त्यात शेवाळ अडकतं आणि तिसऱ्या दिवशी ते काढावंच लागतं. खडक आणि काच यांच्यामधल्या फटीत एकच बोट जातं, उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. हात खांद्यापर्यंत बुडवून, गाल काचेला टेकवून, न बघता चाचपावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात तिथे कशाने तरी त्याचं बोट धरलं. चावलं नाही, ओढलं नाही. बाजारात लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरतं, तसं नुसतं धरलं. बदरुद्दीनने मनात पाच अंक मोजले आणि मग ते सुटलं. पंपाची ओढ असणार, त्याने स्वतःला समजावलं. पुढे एकदा पंप दुरुस्तीला गेला होता. पाणी अगदी निपचित होतं. त्या दिवशीही धरलं आणि पाच मोजल्यावर सोडलं. त्याने हे कोणाजवळ काढलं नाही. सांगणार तरी काय, आणि कोणाला?

दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी बोट सुटताना खडकाची धार लागली आणि पेरावर चीर पडली. बदरुद्दीनने त्याची आई करायची तेच केलं: रक्त थांबेपर्यंत बोट खाऱ्या पाण्यात धरून ठेवलं. कालवं काढणाऱ्या बायकांचे हात रोज कापायचे आणि खाडीच्या पाण्यातच बरे व्हायचे, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. पण खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. या टाकीत तेच पाणी वर्षानुवर्षं गोल फिरत होतं. हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तीन आठवड्यांनी पेरावर गाठ आली. मग मनगटावर एक, मग हातावर आणखी दोन. एका रेषेत, वर वर चढत जाणाऱ्या. गावाहून बायको अख्तरीने व्हिडिओवर पाहिलं. “हातावर काय उठलंय तुमच्या?”

“डास चावला गं,” तो म्हणाला. तेव्हा तो पहिल्यांदा घाबरलेला होता.

हॉस्पिटलात डॉक्टर सुधा होत्या, मूळच्या परभणीच्या. मराठी ऐकून त्याला हायसं वाटलं. पण त्यांनी “काम काय करता?” असं विचारताच त्याची नजर टेबलावरच्या इकाम्याकडे गेली. कागदावर एक आणि तोंडात दुसरं आलं तर लफडं व्हायचं.

“ड्रायव्हर,” तो म्हणाला.

रक्तात साखर निघाली. औषधं सुरू झाली, बदलली, पुन्हा बदलली. दोन महिने गाठी चढत राहिल्या, बोट वांग्यासारखं सुजलं, आणि हा गृहस्थ दर तिसऱ्या दिवशी तेच बोट त्याच फटीत कसंबसं घालत राहिला. काम सुटलं तर घरी काय पाठवणार, ही भीती गाठींहून मोठी होती.

मग सुधाबाईंचीच दाढ दुखायला लागली. चारला शटर वर जाताच त्या आत आल्या आणि समोर पाहतात तर बदरुद्दीन खांद्यापर्यंत टाकीत. दाढ विसरून त्या दारातच थांबल्या.

“बदरुद्दीनभाई, हे तुमचं ड्रायव्हिंग?”

माशांच्या टाकीच्या पाण्यातला एक जंतू चिरेतून हातात शिरला होता; त्यावरचं बरोबर औषध त्या दिवशी सुरू झालं आणि हातावरच्या गाठी हळूहळू बसल्या. बोटात मात्र तो जंतू हाडापर्यंत पोचला होता. दोन पेरं काढावी लागली. “मासे! एवढा एक शब्द बोलला असतात तर बोट वाचलं असतं हो,” सुधाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिडका होता की रडका हे कळेना. बदरुद्दीन मात्र सरळ रडला. ज्या बोटावर तस्बीचे मणी मोजायचे, तेच गेलं होतं.

महिन्याने तो कामावर परतला. या वेळी सुधाबाईंनी मोजे कसे हवेत ते उसामाला लिहूनच दिलं होतं: खांद्यापर्यंत लांब, जाड पण बोटं वळतील असे, आत पावडर नसलेले. आणि प्रत्येक वेळी घालण्याआधी पाणी भरून टांगून बघायचे. जेद्दाहून नवी जोडी आली. बदरुद्दीनने ती पाण्याने भरून मियाँच्या खिळ्याला टांगली. दोन फुगलेले हात भिंतीवर लोंबत राहिले. थेंब गळला नाही.

त्याने मोजे रिकामे केले, चढवले आणि हात टाकीत बुडवला. कापलेल्या बोटाच्या जागी हवा राहिली होती. मोज्याचं ते रिकामं बोट पाण्यात आपोआप उभं राहिलं, थोडं डोललं आणि हळूहळू फटीच्या दिशेने वळलं. पंप बंद होता.

त्याने झटक्यात हात बाहेर ओढला. मग बराच वेळ मियाँच्या जुन्या मोज्यांकडे बघत राहिला. उजवा काढला, धुतला, त्यातही पाणी भरून पाहिलं. कुठे भोक नव्हतंच. मग त्याने तो घातला. गाठ बरोबर त्याच्या थोट्या बोटाच्या टोकाशी आली, माप घेऊन शिवल्यासारखी.

त्याने मोजा ओरबाडून काढला आणि तिथेच स्टुलावर बसून गावी फोन लावला.

“मियाँ, मी बदरू.”

पलीकडून म्हाताऱ्याने विचारलं, “किती पेरं?”

“दोन.”

“माझीपण दोनच.”

“मग सांगितलं का नाय मला?” बदरुद्दीन ओरडला.

“दुसरा माणूस मिळाल्याशिवाय कफील सोडीत नव्हता रं. सांगितलं असतं तर तू आला असतास? मोजे तर दिलेले ना तुला?” मियाँ रडत होते. बदरुद्दीनच्या तोंडात शिव्या येऊन थांबल्या.

“बदरू, एक विचारू?” मियाँचा आवाज खाली आला. “तुझं अजून धरतं काय?”

हे त्याने जगात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. “मी फटीत हात नाय घातला परत,” तो म्हणाला.

“फटीत नाय रं. बाहेर. माझं तर इथं घरीपण धरतं.”

बदरुद्दीनने खाली पाहिलं. हात मांडीवर होता, उघडा, कोरडा. बोटाच्या जागी काही नव्हतं, आणि तिथे, त्या रिकाम्या जागी, कोणीतरी ते बोट हलकेच धरलं होतं. त्याने पाच मोजले. मग दहा मोजले. मियाँ पलीकडून “हॅलो, हॅलो” करत होते, आणि तो मोजतच राहिला.