बाथरूमसाठी पांढरा

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात अंधाऱ्या जागा ठेवू नका. बाथरूम तर आधी उजळ करा." आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरातलं बाथरूम मोरपंखी रंगाचं होतं. तो रंग नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं लावून घेतला होता. खिडकी वर आणि लहान, त्यामुळे दुपारीही आत दिवा लावावा लागे. नाना त्याच बाथरूममध्ये वारले, दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हापासून आई आत जाताना दार पूर्ण लावत नसे आणि मी तिथली आंघोळ दोन तांब्यांत उरकत असे.

मी जळगावला शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागल्यावर धुळ्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी रंगाच्या दुकानात गेले. "हलका पांढरा दाखवा," म्हटलं तर दुकानदारानं शेडकार्डाची एक अख्खी घडी माझ्यापुढे उलगडली. सगळे पांढरेच. एकात निळ्याची झाक, एकात पिवळ्याची, एक किंचित गुलाबी, एक राखाडीकडे झुकणारा.

"बाथरूमला कुठला चालेल?" मी विचारलं.

"उजेडावर आहे ताई. घरी न्या, भिंतीला लावून बघा."

घरी आणून मी कार्ड भिंतीला लावून बघितलं. निळसर पांढरा नजरेसमोर आला आणि मला नानांच्या अंगावर टाकलेली चादर दिसली. ती घरातलीच होती, नीळ दिलेली. पिवळसर पांढऱ्यावर बोट ठेवलं तर त्यांच्या पायाचे तळवे आठवले. त्या दिवशी मीच ते धरून त्यांना बाहेर काढायला मदत केली होती. मी कार्ड मिटून कपाटावर ठेवून दिलं.

आई म्हणाली, "घेतला का रंग?"

"बघते आहे."

"पांढऱ्यात काय एवढं बघायचं?"

शेवटी रंगारीच म्हणाला, की आधी भिंत तयार करू, रंग मागाहून ठरवा. तो पारोळ्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. एका दिवसात त्यानं पॉलिश पेपरनं मोरपंखी घासून काढला, पुट्टी भरली, पांढऱ्या प्राइमरचा हात मारला. संध्याकाळी बाथरूम इतकं मोठं दिसायला लागलं, की मला जरा हायसं वाटलं.

सकाळी तो आला आणि आतून हाक मारली, "ताई, जरा इकडे या."

नळाच्या वर, कमरेच्या उंचीला, पांढऱ्या भिंतीवर एक पिवळट डाग उमटला होता. पंजा होता. चार बोटं आणि अंगठा स्पष्ट, तळवा थोडा पसरट.

"काल तर नव्हता," मी म्हणाले. 

"जुनं तेल आहे. गडद रंगात दिसत नव्हतं. तेलावर पाण्याचा प्राइमर धरत नाही, डाग वर येतो." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग हातातल्या ब्रशकडे. "इथं कोणी रोज हात ठेवत असेल."

नाना आंघोळीआधी गुडघ्यांना तिळाचं तेल चोळायचे. पाटावरून उठताना भिंतीला हात टेकायचे. दहा-बारा वर्षं, रोज, त्याच जागी. मला हे ठाऊक होतं, तरी मी दारातून आत पाऊल टाकू शकले नाही.

आई मागून आली. नव्या डोळ्यांनी तिनं भिंतीकडे बघितलं, जवळ गेली, पण हात लावला नाही.

"तेस्ना हात शे," ती म्हणाली. त्यांचाच हात आहे, म्हणत होती; माहेरची बोली तिच्या तोंडी हल्ली फारशी येत नसे.

रंगारी चहाचं निमित्त करून बाहेर गेला. आई तिथंच उभी होती. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"आई, त्या दिवशी तू पारोळ्याला मावशीकडे गेली होतीस ना..."

"हं."

"बादली भरून वाहत होती. मला ऐकू येत होतं. मी फोनवर बोलत होते. नाना नळ बंद करतील, असं वाटलं मला. खूप वेळ वाहत होतं गं पाणी. पंधरा मिनिटं असेल, जास्तही असेल. मी उठले नाही."

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी आलेले डॉक्टर म्हणाले होते, एका क्षणात गेले असणार, आणि ते वाक्य मी दीड वर्ष घट्ट धरून बसले होते.

 आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "पाणी दारापुढच्या ओट्यापर्यंत आलं होतं. मी रिक्षातून उतरले तर पायरी ओली. आत माणसं रडत होती आणि मी ओल्या पायरीकडे बघत होते. तवयच माले समजनं."

"तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माणूस गेला होता. पोरगी ऱ्हायनी व्हती."

मी खाली बसले. तिनं मला जवळ घेतलं नाही, ऊठ असंही म्हणाली नाही. ती रागावली असेल का, कधीतरी रागावली होती का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. एवढंच कळलं, की त्या दिवाळीपासून प्रत्येक फोनवर, प्रत्येक सणाला, ती हे जाणून माझ्याशी बोलत होती. 

रंगारी परत आला. दारातूनच हळू आवाजात म्हणाला, "आक्का, तेलाचा प्राइमर मारला तर डाग जाईल. पण तुम्ही म्हणाल तसं."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती तेवढी जागा सोडून द्यायला सांगेल. मला तेच हवंही होतं आणि तेच नको होतं.

"मार," ती म्हणाली. "माले रोज आठे आंघोय करनी शे."

मग तिनं कार्ड मागितलं. खिडकीखाली नेऊन एकेक पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि ताकाच्या रंगाचा, जेमतेम पिवळसर असा एक पांढरा निवडला. "हा डोळ्याला टोचत नाही," एवढंच म्हणाली. मला जो पिवळसर बघवत नव्हता, त्याच्या शेजारचाच होता तो. मी त्या पट्टीचा नंबर लिहून घेतला.

तेलाच्या प्राइमरचा वास चार दिवस घरभर होता. दोन हातांत डाग दिसेनासा झाला. रंग वाळल्यावर बाथरूम स्वच्छ, उजळ दिसू लागलं आणि शेजारच्या काकू बघून गेल्या.

आता मी धुळ्याला असले, की आई दार लावून आंघोळ करते आणि आतून मोठ्यानं माझ्याशी बोलत राहते. भाजीवाल्यानं वांगी कशी किडकी दिली, कोणाच्या सुनेनं काय म्हटलं, काहीही. पूर्वी ती अशी बोलत नसे. मी बाहेर पलंगावर बसून हो हो म्हणते. डोक्यावरून पाणी घेताना ती थोडा वेळ बोलायची थांबते. तेवढ्यात मी उठून दाराशी गेलेली असते.