चारवर की आठवर

माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारावं, ही साधी गोष्ट रविराजला पन्नाशी जवळ आली तरी कुणी शिकवली नव्हती. शिकवायला कुणी गेलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण ऐकून घेण्याआधीच त्याने टेस्टर काढलेला असायचा.

नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात तो कंट्रोल पॅनलची वायरिंग बघायचा. डिप्लोमा झालेला, हात सफाईदार, डोकं तल्लख. या तिन्हींचा घरच्यांना जो ताप होता तो सांगायची सोय नाही. उज्ज्वलावहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, एकदा नुसतं म्हणाल्या, "टाकी भरली की कळत नाही बाई, पाणी वाहून जातं." त्यांना हवी होती एक घंटा. रविराजने पाण्याची मोटर आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणाच बसवली. पंचवटीत त्यांच्या गल्लीला पाणी कधी येतं आणि कधी येत नाही, हे तेवढं विचारायचं राहिलं. मोटर कोरडी फिरून जळाली. वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि बोलल्या नाहीत म्हणून त्याला वाटलं, त्यांचं काही म्हणणंच नाही.

थोरला भाऊ सावळीराम. निफाडकडच्या खेड्यातून दोघे नाशकात आले तेव्हा रविराज शाळेत होता. सावळीरामने भाजीबाजारामागच्या गल्लीत एक गाळा घेऊन व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. शिकवणी बुडवणारी अर्धी पंचवटी तिथे सापडायची. आया यायच्या, पोरांचे कान धरून न्यायच्या, आणि जाता जाता सावळीरामलाही चार शब्द ऐकवायच्या.

"मावशी, मी बोलवत नाय, ते येतात," एवढंच तो म्हणायचा.

त्याच पार्लरवर रविराजचा डिप्लोमा झाला. पुढे मोबाईल आले आणि पार्लर बसलं. गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू आहे. शेवटचं एक मशीन तेवढं घराच्या पडवीत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांखाली पडून होतं.

गेल्या दिवाळीनंतर सावळीरामला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. जीभ सावरली, जरा जास्तच सावरली. पण उजवा हात मागे राहिला. बोटं मिटायची नाहीत, आणि मिटली तर उघडायची नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "हाताला काम द्या. या काही महिन्यांत बोटं हलली तर परत येतील. नाही तर आखडतील ती आखडतीलच, मग मला बोलावू नका."

दाबायला रबरी चेंडू दिला, तो पलंगाखाली गेला. वहिनींनी परातीत कणकेचा गोळा पुढे ठेवला.

"आता पोळ्या लाटायला बसवतेस का मला?" सावळीराम म्हणाला.

"लाटा की. निदान एक पोळी तरी तुमच्या हातची खाईन म्हणते जन्मात."

परात तशीच आत गेली. लग्नाकार्याला जाणं त्याने बंद केलं, कारण पंगतीत चारचौघांत डाव्या हाताने जेवायचं कसं. घरातही तो भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. ते रविराजने एका रविवारी पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात पडवीतलं मशीन आलं. दादा चेंडू दाबणार नाही, कणीक मळणार नाही, पण गेमचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, धरल्याशिवाय राहणार नाही.

कल्पना चांगली होती. गोण्या काढायच्या, आत एक जुना कॉम्प्युटर बसवायचा, त्यात जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा एमुलेटर नावाचा प्रोग्राम टाकायचा, आणि दांडा दादाच्या हातात द्यायचा. पंधरवड्याचं काम. पण पंधरवड्यात संपेल असं काम रविराजला कामच वाटत नसे.

कुठेतरी त्याने वाचलं की सगळ्या खेळांना एकच दांडा चालत नाही. लाथाबुक्क्यांच्या खेळात दांडा आठ दिशांना जावा लागतो: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि चार तिरके कोपरे. भुतं मागे लागतात त्या भुलभुलैयाच्या खेळात चारच दिशा लागतात. तिथे दांडा चुकून तिरका गेला की वळण हुकतं आणि भूत खातं. दांड्याखाली चौकोनी भोकाची एक चकती असते. ती सरळ असली की दांडा कोपऱ्यांतही शिरतो, म्हणजे आठ. ती फिरवून तिरकी केली की कोपरे बंद, म्हणजे चार. ती फिरवायला हाताची बोटं पुरतात. रविराजने तिथे मोटर लावायचं ठरवलं. खेळ सुरू झाला की प्रोग्रामने खेळाचं नाव बघायचं, त्याला चार हवेत की आठ ते ओळखायचं, आणि मोटरने चकती आपोआप फिरवायची.

मग दर रविवारी सिडकोतून निघायचं, द्वारका चौकातल्या गर्दीत अडकायचं, चिडून पंचवटीत पोहोचायचं आणि पडवीत पालथं पडायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला. सावळीराम आतून विचारायचा, "झालं का रे?" आणि रविराज म्हणायचा, "पुढच्या रविवारी."

"भावजी, ते कुरकुरतंय काय?" वहिनी उंबऱ्यातून विचारायच्या.

"मोटर आहे. चकती फिरवते."

"हाताने नाही का फिरत?"

"फिरते. पण खेळ बदलला की दर वेळी दांड्याखालची फळी उघडून कोण बसणार?"

"हे असे किती खेळ बदलणार आहेत?"

या प्रश्नाचं उत्तर त्याने शोधलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो म्हणाला, "वहिनी, ते तसं नसतं." बायकांच्या सरळ प्रश्नांना पुरुषांकडे हे एक ठेवणीतलं उत्तर असतं.

आधी खेळ सुरू व्हायचा आणि चकती मागून फिरायची. तोवर दांडा हातात धरलेला असला की मोटर अडायची आणि करपल्याचा वास यायचा. तेही त्याने निस्तरलं. मग मारामारीचा खेळ बंद करून भुतांचा लावला तरी चकती आठवरच. पुन्हा लावला की चारवर. तिसऱ्यांदा लावला की भलतीकडेच, ना चार ना आठ. त्याने परदेशातल्या जाणकारांना इंटरनेटवर विचारलं. दोन आठवड्यांनी एकाचं उत्तर आलं, "माझ्याकडे नीट चालतं." रविराजने ते वाचून मोबाईल पालथा ठेवला. शेवटी एका रविवारी सगळं सुरळीत चाललं. पुढच्या रविवारी कॉम्प्युटरने मधल्या काळात स्वतःच स्वतःला अपडेट करून घेतलं होतं आणि मोटरची ओळखच विसरला होता.

"सोयरीक मोडल्यासारखं तोंड का केलंय?" सावळीराम दारात येऊन म्हणाला. उजवा हात त्याने सदऱ्याच्या खिशात कोंबलेला होता. हल्ली तो तिथेच असायचा.

"दादा, तू आत बस. झालं की बोलावतो."

"मी काय म्हणतो, नुसतं चालू कर ना. मी बघतो."

"अर्धवट चालू करायचं नसतं."

सावळीराम आत गेला. व्यायामाच्या बाई त्या आठवड्यात येऊन बोटं उघडून बघून गेल्या होत्या. जाताना त्या वहिनींशी दारात हळू बोलल्या, आणि वहिनींनी ते पडवीत येऊन मोठ्याने सांगितलं. "करंगळी आणि शेजारचं बोट आखडायला लागलंय म्हणे. भावजी, तुमची मोटर फिरेल तेव्हा फिरेल, त्यांची बोटं थांबायची नाहीत तोवर."

रविराजला राग आला. राग खरं तर स्वतःचाच होता, पण तो त्याने स्क्रूवर काढला आणि स्क्रूची खाच गेली. आपण कुणासाठी राबतोय हे घरात कुणाला कळत नाही, असं मनाशी म्हणत त्याने चार दिवस रजा टाकली आणि मशीन पुरं करूनच उठला. खेळ लावला की मोटर एकदाच घुर्र करायची आणि चकती बरोबर जागेवर. भुतं चारवर. मारामारी आठवर. बंद करा, चालू करा, उलटसुलट करा, चुकायचं नाव नाही. तो इतका खूश झाला की त्याने वहिनींना तीनदा दाखवलं. वहिनी गॅसवर दूध ठेवून आल्या होत्या.

मग सावळीरामला आणलं. खुर्ची दिली. त्याने खिशातून हात काढला, डाव्या हाताने उचलून दांड्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून त्याच्या टोकाच्या लाल गोळ्याभोवती लावली. पडद्यावर भुलभुलैया उमटला तसा त्याचा चेहरा बदलला, हे खोटं नाही. पार्लरमध्ये हा खेळ त्याच्यासारखा खेळणारा गोदेच्या दोन्ही काठांवर नव्हता.

पहिल्याच वळणावर भुताने खाल्लं. दुसऱ्यांदा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने दांडा हलवलाच नाही, नुसता कोपऱ्याकडे दाबत राहिला.

"याला कोपरा नाय," तो म्हणाला.

"नसतोच या खेळाला. चारवर टाकलाय. आपोआप पडतो. बघ, मी..."

"कोपरा कुठं गेला?"

"दादा, हा खेळ चार दिशांचाच आहे. मूळ कंपनीच्या मशीनला चारच होत्या."

"मग कंपनीला बसव खेळायला."

रविराजने समजावलं. हळू समजावलं, मग भराभर, मग पुन्हा हळू. सावळीराम ऐकत होता, पण ऐकण्यासारखं तोंड करून नाही.

"आपल्या सगळ्या मशीनला एकच दांडा होता," तो शेवटी म्हणाला. "आठचा. एक जात घेतली की मोडल्यावर एकाच खोक्यातलं सामान चालतं. भुतांच्या मशीनलाबी तोच. तुला कधी सांगितलं नाय का?"

"मला कधी खेळू दिलंस तू? परीक्षा परीक्षा करायचास."

"वळण यायच्या आधीच दांडा कोपऱ्यात दाबून धरायचा. वळण आलं की आपसूक वळतं. बाहेरची पोरं यायची, वळणावर मरायची. आपली मरत नव्हती. सगळी पंचवटी तसंच खेळली. आणि तू कोपरेच बुजवून ठेवले."

रविराज मशीनकडे बघत उभा राहिला. जगातल्या साऱ्या जाणकारांनी जे बरोबर म्हणून सांगितलं होतं ते त्याने बरोबर केलं होतं. चुकीच्या दांड्यावर मुरलेला हात मात्र आतल्या खोलीत बसला होता, आणि त्याला एका वाक्यात विचारता आलं असतं.

"पण आता चारच सोपं पडेल तुला," तो म्हणाला. आणि हेही खरंच होतं. "हात पूर्वीचा नाही. कोपऱ्यात दाबून धरायला जोर लागतो."

सावळीरामने दांड्यावरून हात उचलला आणि खिशात टाकला. "वहिनीला सांग चहा टाकायला."

रविराज झटकन वाकला, कॉम्प्युटरमध्ये त्या खेळापुढे चारचा आठ केला आणि मशीन पुन्हा लावलं. मोटर घुरघुरली, चकती आठवर गेली, आणि खेळ सुरू होता होता परत फिरून चारवर आली. त्यानेच इतकी चोख तजवीज करून ठेवली होती की कुणी चुकून आठ केलं तर ते आपोआप चार व्हावं. ही तजवीज कुठे लिहिली होती ते त्याला तेव्हा आठवेना. त्याने दोनदा बदललं, दोनदा ती परत फिरली.

"चहा टाकायला सांगितलं मी," सावळीराम उठत म्हणाला.

रविराजने फळी उघडली, मोटरची वायर धरली आणि ओढून काढली. मग चकती बोटांनी फिरवली. तिने टक् केलं आणि ती बसली. उभ्या उभ्या झालं.

"आता बघ."

सावळीराम उभ्यानेच वाकला, डाव्या हाताने दांडा कोपऱ्यात नेऊन बघितला, आणि पुन्हा खुर्चीत बसला. उजवा हात वर आणला. भुताने पहिल्याच वळणावर खाल्लं. दांडा कोपऱ्यात जायचा, पण तिथे धरून ठेवायला बोटं पुरत नव्हती. घसरायची. त्याने आईवरून एक शिवी दिली आणि पुन्हा लावलं. पुन्हा मेला. रविराजच्या जिभेवर आलं होतं, "चारवर करू का?" त्याने ते गिळलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवला, त्यावर साय धरली, तरी त्याला हात लागला नाही. सावळीराम मरत होता आणि शिव्या देत होता. त्याची आखडू लागलेली दोन बोटं दांड्यावरून सुटायची, तो ती डाव्या हाताने परत लावायचा, कोपऱ्यात दाबायचा, दात चावायचा. एकदा वळण मिळालं. दुसऱ्या वळणावर मेला.

"यांना जेवायला कधी उठवायचं?" वहिनींनी रविराजला विचारलं.

"मला काय विचारता, वहिनी."

"का? आज तुम्हाला माहीत नाही का काही?"

तो ओटीवर जाऊन बूट घालायला बसला. सुट्टी गेली, रविवार गेले, मोटर गेली, आणि जे चाललं होतं ते मोटरच्या नादी न लागता पहिल्या पंधरवड्यातच सुरू करता आलं असतं. दोन बोटं तेव्हा मोकळी होती. ही गोष्ट त्याला पुढे कुणी बोलून दाखवणार नव्हतं, तरी त्याच्या कानात पुढे तीच वाजत राहणार होती.

मोहिनीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "झालं का एकदाचं?"

"झालं."

"आपोआप बदलतंय?"

"नाही."

"मग काय झालं?"

आतून सावळीरामचा आवाज आला, "रव्या, दांडा जरा ढिला कर रे, लय कडक आहे. का नको, असू दे. असाच असू दे."

रविराजने फोन कानाला तसाच धरला, पायातला एक बूट काढला आणि आत जाऊन विचारलं, "ढिला करू की असू दे? नीट सांग, मग हात लावतो."